त्रैक्यानंतरचे रविवार

आमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांना आमच्या मंडळीच्या वर्षातले दोन दिवस चांगले ठाऊक आहेत: गॅलरीत कागदी तारा लागतो तो नाताळ आणि कार्यालयांना सुट्टी असते तो उत्तम शुक्रवार. त्यांना तेवढेच ठाऊक असावे यात नवल नाही. मात्र आमच्यापैकीही पुष्कळांचे वर्ष याच दोन-तीन दिवसांभोवती फिरते, आणि ईस्टरचे जेवण आटोपले की पुढच्या नाताळापर्यंत मंडळीत विशेष काही नसते अशी समजूत घरोघर रुजलेली दिसते. ही समजूत दूर व्हावी असे मला मनापासून वाटते. मंडळीचे वर्ष आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी सुरू होते. त्याचा पहिला अर्धा भाग ख्रिस्ताच्या जन्मापासून पवित्र आत्म्याच्या अवतरणापर्यंतच्या, म्हणजे पेंटेकॉस्टपर्यंतच्या सणांनी भरलेला असतो, तर दुसरा अर्धा भाग त्याच्या पुढच्या रविवारानंतर, म्हणजे त्रैक्य रविवारानंतर सुरू होऊन जवळजवळ सहा महिने चालतो. या सहा महिन्यांत वेदीवरचे वस्त्र हिरवे असते, मोठा सण नसतो, पाहुणे नसतात आणि बाहेर बहुतेक वेळ पाऊस असतो. उपासना, अभ्यास आणि सहभागिता या तिन्ही गोष्टी आमच्या मंडळीत खऱ्या अर्थाने एकमेकींत मिसळलेल्या मी पाहिल्या, त्या याच महिन्यांत.

मी मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरातला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले. आमच्या गावची मंडळी त्याच कामातून उभी राहिली. त्या परंपरेत उपदेशाला आणि भजनाला मोठे स्थान होते, परंतु वर्षाच्या ऋतूंना फारसे नव्हते. मार्टिन लूथर यांच्या धर्मसुधारणेतून निघालेल्या, आमच्या आजच्या लूथरन परंपरेशी माझी ओळख लग्नानंतर झाली, कारण पत्नीचे माहेर गुंटूरचे आहे आणि तिथे १८४२ साली जॉन ख्रिश्चन फ्रेडरिक हायर यांनी सुरू केलेल्या कामातून आजची आंध्र इव्हँजेलिकल लूथरन मंडळी वाढलेली आहे. भारतातल्या लूथरन मंडळ्या मुख्यतः तमिळनाडू, आंध्र, झारखंडातला छोटानागपूर, ओडिशातला जयपूर परिसर, संताळांचा प्रदेश आणि मध्य प्रदेशाचा काही भाग येथे रुजल्या. त्यामुळे नव्या मुंबईत जी लूथरन मंडळी दिसते ती प्रायः कामधंद्यासाठी येथे आलेल्या माणसांची असते. सिडकोची स्थापना १९७० सालची. त्यानंतर उभी राहिलेली उपनगरे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, न्हावा-शेवाचे बंदर आणि मोठमोठी रुग्णालये यांनी ज्यांना बोलावून घेतले, त्यांतली काही घरे आमच्या बाकांवर बसतात.

आम्हाला स्वतःची इमारत नाही. नेरुळमधल्या एका शाळेचे सभागृह आम्ही रविवारी सकाळी भाड्याने घेतो. उपासनेला लागणारे सगळे साहित्य एका पत्र्याच्या पेटीत असते: लाकडी क्रूस, दोन मेणबत्त्या, प्रभुभोजनाचा (भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीचा) प्याला व ताटली, गीतांची पुस्तके आणि वेदीवर घालायची पाच रंगांची वस्त्रे, ज्यांच्या घड्यांमध्ये कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवलेला असतो. जांभळे वस्त्र आगमनकाळात व ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, पांढरे नाताळ व ईस्टरला, तांबडे पेंटेकॉस्ट व धर्मसुधारणा दिनाला, काळे फक्त उत्तम शुक्रवारी; बाकी सगळा काळ हिरवे. जे वस्त्र सर्वांत अधिक वापरले जाते तेच सर्वांत साधे आहे, आणि आमच्या महिला मंडळाने गेल्या काही वर्षांत दुरुस्त करायला काढले तेही तेवढेच.

सणांचा काळ मी थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. आगमनकाळात चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत जाण्याची रीत लूथरन घरातूनच जगभर गेली. हॅम्बुर्ग शहरात गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे पाळक योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये, नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना कळावे म्हणून, एका मोठ्या लाकडी चाकावर रोजच्या लहान आणि रविवारच्या चार मोठ्या मेणबत्त्या लावल्या. आपण आज ठेवतो ते त्याचे लहान रूप. नाताळानंतर प्रकटीकरणाचा सण, मग भस्म बुधवार आणि उपवासकाळ. उपवासकाळात दर बुधवारी संध्याकाळी छोटी उपासना होते आणि रबाळे, महापे, तुर्भे येथून कामावरून सुटलेली माणसे डबा-पिशवीसह सरळ तिथे येतात. झावळ्यांचा रविवार, पुण्य गुरुवारचे प्रभुभोजन, उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीनची उपासना, ईस्टरची पहाट, चाळीस दिवसांनी स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. हे सगळे मला प्रिय आहे. तरीही सणाच्या दिवशी माणूस सणामुळे येतो. कोण कशाला येतो हे त्या दिवशी कळत नाही.

रविवारच्या उपासनेच्या क्रमाबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो नुसता पाठ केलेला विधी वाटतो. आरंभी सर्वांनी मिळून पापकबुली द्यायची आणि पाळकांनी देवाच्या नावाने क्षमेची घोषणा करायची. मग दयेची याचना, स्तुतिगीत, दिवसाची प्रार्थना, जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान यांतले पाठ, उपदेश, विश्वासांगीकार, मध्यस्थीच्या प्रार्थना, अर्पण, प्रभुभोजन आणि शेवटी बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला अहरोनाचा आशीर्वाद. मार्टिन लूथर यांनी १५२३ मध्ये लॅटिन उपासनेची आणि १५२६ मध्ये जर्मन उपासनेची जी मांडणी केली तिच्यात हा आशीर्वाद होता, आणि तोच आज नेरुळमध्ये उच्चारला जातो. त्यांनी जुनी उपासना मोडून नवी उभारली नाही. देवाच्या कृपेला किंमत लावणारे भाग त्यांनी काढले, लोकांच्या तोंडी त्यांच्या भाषेतली गीते दिली आणि बाकीचे बरेचसे जसेच्या तसे राखले. या क्रमाचा मोठा लाभ मला असा दिसतो की, तो पाळकांच्या आणि माझ्या मनःस्थितीवर अवलंबून नसतो. ज्या आठवड्यात मला प्रार्थना सुचत नाही त्या आठवड्यातही पापकबुलीचे शब्द माझ्यासाठी तयार असतात, आणि क्षमेची घोषणा मी कितपत सद्गदित झालो हे न पाहता माझ्या कानांवर पडते. तेलुगू, तमिळ, सादरी, मराठी अशा निरनिराळ्या घरांतली माणसे हिंदी उपासनेत एकत्र बसतात तेव्हा भाषा अडली तरी क्रम अडत नाही. महिन्यातून एका रविवारी उपासना मराठीत होते आणि त्या दिवशी ना. वा. टिळकांची भजने तबला-पेटीवर म्हटली जातात. गुंटूरची माझी सासरची माणसेही आता ती ताल धरून म्हणतात.

पाठही पाळक स्वतः निवडत नाहीत. आमची मंडळी तीन वर्षांचे वाचनचक्र पाळते, जे जगभरातल्या अनेक लूथरन मंडळ्या पाळतात: एक वर्ष मत्तयाचे शुभवर्तमान (येशूचे चरित्र), एक वर्ष मार्काचे, एक वर्ष लूकाचे, आणि योहानाचे भाग सणांच्या काळात व मार्काच्या वर्षी मधूनमधून. काही जुन्या मंडळ्या अजून एका वर्षाचे चक्र वापरतात आणि त्यालाही स्वतःचे मोल आहे, कारण तेच पाठ दर वर्षी आल्याने लोकांना ते तोंडपाठ होतात. चक्र कोणतेही असो, त्यामुळे पाळकांच्या आवडत्या पाच-सहा विषयांपासून मंडळीचा बचाव होतो आणि जे वचन ऐकायला कोणी मागितले नसते तेही ऐकावे लागते. सणांच्या काळात पाठ कोणते असणार हे सर्वांना आधीच माहीत असते; हिरव्या रविवारी मात्र शुभवर्तमान सलग, अध्यायामागून अध्याय वाचले जाते, आणि येशूचे शिक्षण, त्याचे दाखले, शिष्यांशी झालेली त्याची बोलणी खऱ्या अर्थाने तेव्हाच कानांवर येतात.

या सलग वाचनात ऋतूशी जुळणारे योग येतात ते कोणी ठरवून आणलेले नसतात. मत्तयाच्या वर्षी पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे ज्याचे बी चार प्रकारच्या जमिनींवर पडते त्या शेतकऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट, जुलैच्या मध्यावर येतो. त्या वेळी ठाणे-रायगडात भाताची लावणी चालू असते, पारसिकचा डोंगर हिरवागार झालेला असतो आणि सभागृहाच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसामुळे पाठ मोठ्याने वाचावा लागतो. लूकाच्या वर्षी त्याच रविवारी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट असते. मार्काच्या वर्षी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय चालतो, म्हणजे भाकरीचा चमत्कार आणि त्यानंतरचे ते लांब, कठीण संभाषण, ज्याच्या शेवटी पुष्कळ शिष्य येशूला सोडून जातात. पाच आठवडे एकाच अध्यायावर राहणे पाळकांना कठीण जाते आणि ऐकणाऱ्यांनाही. पण त्या पाच आठवड्यांनंतर प्रभुभोजनाला पुढे जाताना मंडळीची चाल बदललेली असते, हे मी स्वतः पाहिले आहे.

येथे अभ्यासाचा भाग येतो. हिरव्या महिन्यांत आमच्याकडे दर शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी घरसभा भरते: कधी घणसोलीत, कधी कोपरखैरण्याच्या बैठ्या चाळीत, कधी ठाण्याला कळव्यात. पद्धत साधी आहे. एक गीत, येत्या रविवारच्या शुभवर्तमानाचे दोनदा वाचन, लूथरच्या लहान प्रश्नोत्तरीतला एक भाग, त्यावर चर्चा, प्रार्थना, चहा. दोन नियम कटाक्षाने पाळले जातात: कोणी उपदेश करायचा नाही, आणि ज्याने अजून तोंड उघडलेले नाही त्याला आधी बोलू द्यायचे. रविवारी पाळक उपदेशाला उभे राहतात तेव्हा निम्म्या मंडळीने तो पाठ आधीच चघळलेला असतो, आणि उपदेश ऐकण्याची त्यांची तयारी निराळीच असते.

पेरणाऱ्याच्या दाखल्यावरची एक सभा सांगण्यासारखी आहे. नेहमीप्रमाणे आम्ही सगळे आपण कोणत्या जमिनीत मोडतो याची चर्चा करीत होतो: वाटेवरचे, खडकाळ, काटेरी की सुपीक. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातून येऊन येथल्या रुग्णालयात परिचारिका असलेली एक ताई तोवर गप्प होती. तिला विचारल्यावर ती म्हणाली, आमच्या गावी माळाच्या टांड जमिनीत पहिल्या पावसाबरोबर गोडा धान फेकून पेरतात. माझे बाबा पेरायचे तेव्हा मूठ उघडली की बी बांधावरही जायचे, पायवाटेवरही जायचे, आणि त्यावरून त्यांना कोणी बोल लावत नसे, कारण एकेक दाणा मोजून टाकणाऱ्याचे शेत कधी पेरून होणारच नाही. एवढे बोलून ती थांबली. आमची चर्चा जमिनीवरून पेरणाऱ्याच्या हातावर गेली ती तिच्यामुळे. लायकी न पाहता देणारा देव हा लूथरच्या सगळ्या शिकवणीचा गाभा आहे आणि त्यावर मी बऱ्यापैकी वाचन केले आहे. परंतु त्या संध्याकाळी तो दाखल्याच्या पहिल्याच ओळीत, पेरणाऱ्याच्या सढळ मुठीत दिसला. त्या रविवारी पाळकांनी तिची परवानगी घेऊन हेच उपदेशात सांगितले.

लहान प्रश्नोत्तरीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मराठी ख्रिस्ती वाचकांपैकी अनेकांनी ती पाहिलेली नसते. १५२८ च्या सुमारास लूथर व त्यांचे सहकारी सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांची पाहणी करीत फिरले, तेव्हा लोकांना साध्या प्रभूच्या प्रार्थनेचीही समज नाही आणि पाळकांतले कितीतरी शिकवायला असमर्थ आहेत हे पाहून ते व्यथित झाले. १५२९ मध्ये त्यांनी ही प्रश्नोत्तरी लिहिली, आणि तिचे भाग आरंभी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपातही छापले गेले. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली आणि प्रभुभोजन एवढाच विषय; प्रत्येक भागानंतर याचा अर्थ काय, हा प्रश्न आणि त्याचे आटोपशीर उत्तर. ही उत्तरे घरातल्या कर्त्याने मुलाबाळांना व नोकरचाकरांना सांगावीत अशी अपेक्षा होती. सकाळी उठल्यावर, रात्री निजताना आणि जेवणाआधी म्हणायच्या प्रार्थनाही तिच्यातच आहेत. म्हणजे अभ्यासाचे मूळ ठिकाण घर होते, आणि आमच्या घरसभांचा पाया तोच आहे.

आमच्या घरात या प्रश्नोत्तरीने एक गोड गोंधळही आणला. लूथरन मंडळ्या जुन्या पाश्चात्त्य रीतीप्रमाणे मूर्तीविषयीची आज्ञा पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाविषयीच्या आज्ञेचे शेवटी दोन भाग करतात. माझ्या माहेरच्या मंडळीत, म्हणजे आईवडिलांच्या परंपरेत, मोजणी वेगळी आहे. त्यामुळे आईबापांचा मान राख, ही माझ्या आईच्या लेखी पाचवी आज्ञा आणि माझ्या मुलीच्या लेखी चौथी. मुलगी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या तयारीच्या वर्गाला जाऊ लागली तेव्हा आजी आणि नात समोरासमोर बसून दोन्ही मोजण्या बोटांवर म्हणून दाखवत असत, आणि त्या निमित्ताने दहाही आज्ञा घरातल्या सर्वांना नव्याने पाठ झाल्या. आठव्या आज्ञेवरचे लूथरचे उत्तर तर मुलीने अभ्यासाच्या टेबलासमोर लिहून लावले आहे: शेजाऱ्याविरुद्ध खोटे बोलू नये एवढ्यावर न थांबता त्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या वागण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावावा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात काही लिहिण्याआधी हे उत्तर वाचावे, असे मी स्वतःला बजावतो.

मात्र घरसभेत सर्वांत जास्त वेळ घेतो तो प्रभूच्या प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीचा भाग. रोजची भाकरी म्हणजे काय, याचे उत्तर देताना लूथर एक लांब यादी देतात: अन्न, पाणी, कपडे, जोडे, घर, शेत, गुरे, पैसा, चांगला जोडीदार, चांगली मुले, चांगले राज्यकर्ते, चांगली हवा, शांती, आरोग्य, चांगले मित्र, विश्वासू शेजारी. एका पावसाळी शुक्रवारी आम्ही ही यादी वाचून प्रत्येकाला त्यात एकेक गोष्ट घालायला सांगितली. ठाणे-वाशी लोकल वेळेवर असणे, असे एकाने सांगितले. कंत्राट मार्चनंतरही चालू राहणे, असे महाप्याच्या कारखान्यातला एक तरुण म्हणाला. दिघ्याच्या डोंगरउतारावर राहणाऱ्या एका कुटुंबाने दरड न कोसळणे असे सांगितले तेव्हा क्षणभर कोणाला पुढे बोलवेना. ती यादी प्रार्थनेत रूपांतरित झाली आणि त्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनांत ओळीने उच्चारली गेली. त्या आठवड्याच्या शेवटी मंडळीतले तिघे त्या कुटुंबाकडे गेले, पावसाचा जोर ओसरेपर्यंत त्यांची मुले घणसोलीत एका घरी राहिली आणि त्यांच्या शाळेची सोयही तिथूनच झाली. प्रश्नोत्तरीतला एक प्रश्न शुक्रवारी विचारला गेला, रविवारी देवापुढे ठेवला गेला आणि सोमवारी कोणाच्या तरी घरात दोन गाद्या जास्त पडल्या. मंडळीत अभ्यास कशासाठी करायचा, असे विचारणाऱ्याला मी हाच प्रसंग सांगतो.

सहभागिता हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. उपासनेनंतरचा चहा आणि वर्षाकाठचे बिर्याणीचे जेवण यांनाच आपण सहभागिता म्हणू लागलो आहोत, आणि आशीर्वाद झाला की तसेच खुर्च्या मागे सारून निघून जाणाऱ्यांची संख्याही वाढते आहे. लोकांना वेळ नाही हे मी जाणतो. ज्यांची रविवारीही पाळी असते त्यांना दोष देता येत नाही. तरीही ज्याच्याबरोबर एकाच प्याल्याशी गेलो त्याचे नाव ठाऊक नसणे ही मंडळीची दुरवस्था आहे. आमच्याकडे यावर एक उपाय चालतो आणि तो चांगला आहे. आजाऱ्यांना घरी किंवा रुग्णालयात प्रभुभोजन द्यायला पाळक जातात तेव्हा त्यांच्याबरोबर मंडळीतला एक जण असतो, आणि ही पाळी सर्वांना आळीपाळीने येते. छोट्या पेटीतला लहानसा प्याला, वाफेची यंत्रणा लावलेला रुग्ण, त्याच्या उशाशी म्हटलेली तीच पापकबुली आणि तोच आशीर्वाद. रविवारी सभागृहात जे घडते तेच येथे चार माणसांत घडते. एकदा असे गेलेला माणूस नंतर उपासनेत मागच्या बाकावर बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

जून-जुलैमध्ये सण नसले तरी स्मरणाचे दिवस आहेत, आणि ते भारतीय लूथरनांनी विसरू नयेत. २५ जून १५३० रोजी आउग्सबुर्ग येथे सम्राटापुढे लूथरन विश्वासाची कबुली वाचली गेली. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुट्शाऊ हे डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले दोन जर्मन तरुण तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरले. झीगेनबाल्ग यांनी तमिळ शिकून घेतली, डॅनिश गव्हर्नरच्या कैदेत काही महिने काढले, नव्या कराराचे तमिळ भाषांतर छापून घेतले आणि १७१९ मध्ये अवघ्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्याला लागूनच १० जुलै येतो. पहिल्या महायुद्धामुळे जर्मन मिशनरींना छोटानागपूर सोडावे लागले, आणि १८४५ मध्ये रांचीत सुरू झालेल्या गॉस्नर मिशनच्या मंडळीने १० जुलै १९१९ रोजी स्वतःची स्वायत्तता जाहीर केली. आदिवासी ख्रिस्ती लोकांनी आपली मंडळी स्वतः चालवायला घेतल्याचा हा दिवस आम्ही तमिळ बांधवांच्या ९ जुलैबरोबर जवळच्या रविवारी साजरा करतो. त्या दिवशी प्रभूची प्रार्थना प्रत्येक जण आपल्या भाषेत एकाच वेळी म्हणतो, आणि मुलांना हा इतिहास त्या-त्या गावची माणसे सांगतात.

ऑक्टोबरच्या आरंभी उपकारस्तुतीचा सण येतो. शेती कोणाचीच नाही, पण वाशीच्या एपीएमसी बाजारात माथाडी कामगार असलेले एक काका कांद्याची गोण आणतात, कोणी गॅलरीतल्या कुंडीतली कढीपत्त्याची जुडी आणतो, कोणी अंडी, कोणी नारळ, आणि वेदीसमोर भोपळे रचले जातात. उपासनेनंतर त्या सगळ्यांचा लिलाव होतो. लिलावात चढाओढ होऊन चार पैसेवाल्यांचेच आवाज ऐकू येऊ लागले होते, म्हणून कार्यकारिणीने बोलीची वाढ दहा रुपयांपलीकडे नेऊ नये असे ठरवले. मला तो निर्णय अत्यंत योग्य वाटतो, जरी त्यामुळे जमा थोडी घटली.

त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मसुधारणा दिन. तांबडे वस्त्र बाहेर निघते, ४६व्या स्तोत्रावर रचलेले लूथरचे गीत गायले जाते, आणि पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध त्यांनी मांडलेल्या १५१७ सालच्या पंचाण्णव प्रबंधांची आठवण केली जाते. या दिवशी कॅथलिक बांधवांविरुद्ध छाती फुगवून बोलण्याची जी सवय काही ठिकाणी आहे ती मला मान्य नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथेच लूथरन जागतिक महासंघ आणि रोमन कॅथलिक मंडळी यांनी, मनुष्य देवाच्या कृपेने नीतिमान ठरतो या विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. ठाण्यातले आणि वसईतले आमचे कॅथलिक शेजारी पिढ्यान् पिढ्या येथे आहेत; त्यांच्यापुढे आम्ही नवखे आहोत. पंचाण्णवांतला पहिलाच प्रबंध असे सांगतो की, विश्वासणाऱ्याचे संपूर्ण जीवन पश्चात्तापाचे असावे ही ख्रिस्ताची इच्छा आहे. संपूर्ण जीवन म्हणजे सणांखेरीजचे सगळे दिवसही; आणि म्हणून हा तांबडा रविवार हिरव्या रविवारांच्या मधोमध यावा हे मला फार समर्पक वाटते.

नोव्हेंबरमध्ये, आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी वर्ष संपते. त्या दिवशी वर्षभरात प्रभूमध्ये निजलेल्यांची नावे वाचली जातात, आणि उपासनेनंतर पुढच्या वर्षाच्या घरसभांची यादी केली जाते. डिसेंबर आणि ईस्टरच्या आसपासच्या तारखा चटकन भरतात, कारण तेव्हा घर सजवलेले असते आणि नातेवाईक आलेले असतात. जुलै-ऑगस्टचे शुक्रवार उरतात. पावसात माणसे येतील का, चिखलाचे पाय घरात येतील, लोकल बंद पडली तर काय, अशा शंका निघतात आणि त्या खऱ्याही असतात. यंदा आम्ही घरातून ठरवून गेलो होतो आणि योहानाच्या सहाव्या अध्यायाचे पाचही शुक्रवार आमच्या घरासाठी मागून घेतले. कळव्याच्या एका कुटुंबाने पेरणाऱ्याच्या आठवड्याचा शुक्रवार मागितला, तेव्हा हा दाखला पुढच्या वर्षी येत नाही, मार्काच्या चक्रात त्या जागी दुसरा पाठ आहे, असे पाळकांनी त्यांना सांगितले. त्यांनी तारीख तरीही सोडली नाही.